क्षणिक रेडिओ स्फोटांचा शोध आणि खोडदची शांतता

(बाभुळगाव, जि. यवतमाळ येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मृगाच्या सुमारास बाभुळगावच्या शिवारावर वीज चमकते, तेव्हा घरातील ट्रान्झिस्टर त्याच क्षणी खरखरतो आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. वीज प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही फेकते, हे त्याचे कारण. अशीच एक खरखर ढगांच्या कितीतरी पलीकडून, कोट्यवधी प्रकाशवर्षे अंतरावरून पृथ्वीवर येत असते. ती सेकंदाच्या काही हजारांश भागापुरतीच टिकते. परंतु तेवढ्या अवधीत बाहेर पडणारी ऊर्जा निर्माण करावयास सूर्याला कित्येक दिवस लागावेत, इतकी ती प्रचंड असते. शास्त्रज्ञांनी या घटनेस ‘क्षणिक रेडिओ स्फोट’ असे नाव दिले आहे. हे स्फोट कोठून येतात, कशामुळे होतात, या प्रश्नाचा मागोवा जगभर चालू असून त्यात महाराष्ट्राच्या भूमीचा आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या संशोधकांचा वाटा मोठा आहे.

पहिला स्फोट सापडला तो जुन्या दप्तरात. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीने २००१ मध्ये केलेल्या नोंदी डंकन लॉरिमर आणि त्यांचे सहकारी काही वर्षांनी पुन्हा तपासत होते. त्यांत पाच सहस्रांश सेकंदांहूनही कमी काळ टिकलेला एक तीव्र स्पंद आढळला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा पुष्कळांनी शंका घेतली. शंका घेणे योग्यच होते. एकदाच ऐकू आलेल्या आवाजावर कोणी विश्वास ठेवावा?

तथापि त्या स्पंदाच्या अंगावर प्रवासाची एक खूण होती. पावसाळ्यात यवतमाळहून दोन बैलगाड्या एकाच वेळी निघाल्या, एक हलकी आणि एक जड, तर डांबरी सडकेवर त्यांच्यात फारसे अंतर पडत नाही. वाट काळ्या मातीच्या चिखलातून असेल तर मात्र जड गाडी मागे पडत जाते, आणि बाभुळगावला दोन्ही गाड्या किती अंतराने पोहोचल्या, यावरून वाटेत चिखल किती होता याचा अंदाज करता येतो. अवकाशात ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत अतिशय विरळ असे मुक्त इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत. त्यांच्यातून येताना उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी आधी पोहोचतात आणि कमी वारंवारतेच्या उशिरा. २००१ च्या स्पंदातील हा विलंब आपल्या आकाशगंगेतील इलेक्ट्रॉनांमुळे पडू शकेल त्याहून कितीतरी अधिक होता. अर्थात तो स्पंद आकाशगंगेच्या बाहेरून आलेला असला पाहिजे. पुढे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने याच विलंबाचा उलटा उपयोग केला. दीर्घिकांच्या दरम्यान असलेले, परंतु हिशेबात न सापडणारे सामान्य द्रव्य त्यांनी अशा स्फोटांच्या साह्याने मोजून दाखविले.

या संशोधनातील एक प्रकरण मोठे उद्बोधक आहे. पार्क्सच्याच नोंदींत हुबेहूब तशाच विलंबाचे काही स्पंद आढळू लागले. पण ते बहुधा दिवसा, कामकाजाच्या वेळीच येत. त्यांना ‘पेरिटॉन’ असे नाव देण्यात आले. २०१५ मध्ये त्यांचा उगम उघडकीस आला. तो दूरच्या दीर्घिकेत नव्हता, तर वेधशाळेच्या आवारातील मायक्रोवेव्ह भट्टीत होता. अन्न गरम होण्याची वेळ पुरी होण्यापूर्वीच कोणी भट्टीचे दार उघडले की लहरींचा एक झटका बाहेर पडे आणि दुर्बीण तो टिपून घेई. लॉरिमरचा स्पंद या चौकशीतून निर्दोष सुटला. पण घरातील आवाज कोणता आणि आकाशातील कोणता, हे ओळखता आल्याखेरीज या शास्त्रात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, हे सर्वांना कळून चुकले.

याच कारणाने खोडदचे महत्त्व आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या असून त्यांतील १४ खोडदच्या मध्यवर्ती भागात दाटीने उभ्या आहेत. या योजनेचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी घन पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरली. त्यामुळे तबकड्या हलक्या झाल्या, वाऱ्याला वाट मिळाली आणि खर्च आटोक्यात राहिला. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचे कमी प्रमाण ही जागा निवडण्यामागील प्रमुख कारणे होती.

दुर्बिणीची अलीकडे सुधारणा झाल्यानंतर क्षणिक स्फोटांच्या अभ्यासात तिचा उपयोग वाढला. काही स्फोट एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा येतात. २०१८ मध्ये सापडलेला असा एक उगम सुमारे सोळा दिवसांच्या चक्राने जागा होतो आणि पुन्हा निजतो. त्याचे १५ स्पंद खोडदच्या दुर्बिणीने टिपले व ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका उगमाचे ४८ स्पंद नोंदले गेले. स्फोट ज्या दीर्घिकेत होतो तिच्यातील हायड्रोजन वायूचाही वेध येथून घेता येतो. बलप्रीत कौर, निस्सीम काणेकर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी २०२२ मध्ये दाखविले की, त्या सोळा दिवसांच्या उगमाची दीर्घिका नजीकच्या भूतकाळात दुसऱ्या दीर्घिकेशी मिसळली असावी. स्फोटाच्या घराचा पत्ता कसा काढावा, हे जगाला प्रथम २०१७ मध्ये कळले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या उगमाची दीर्घिका ओळखणाऱ्या त्या निबंधाचे प्रथम लेखक श्रीहर्ष तेंडुलकर होते. ते पुढे टाटा संस्थेत कार्यरत झाले.

उगमाचा सर्वांत सबळ पुरावा मात्र आपल्याच आकाशगंगेतून मिळाला. २८ एप्रिल २०२० रोजी एका ज्ञात मॅग्नेटारपासून, म्हणजे अतितीव्र चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून, तसाच रेडिओ स्फोट झाला. असा तारा अवघा वीसएक किलोमीटर व्यासाचा. पण त्यात सूर्याहून अधिक द्रव्य ठासून भरलेले असते. कॅनडातील एका मोठ्या दुर्बिणीने तो स्फोट पाहिला, आणि अमेरिकेतील तीन ठिकाणी ठेवलेल्या, बादलीएवढ्या आकाराच्या ग्राहकांनीही तो नोंदला. आकाशगंगेतच एखादा स्फोट झाला तर तो इतका प्रखर असेल की त्याला लहानसे उपकरण पुरे, असा सरळ विचार या दुसऱ्या योजनेमागे होता. त्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी हे होते. सेकंदाला शेकडो फेऱ्या घेणारा पहिला स्पंदतारा १९८२ मध्ये शोधणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. त्यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला.

तरीही प्रश्न मिटला असे म्हणता येणार नाही. मॅग्नेटार सामान्यतः तरुण, अल्पायुषी ताऱ्यांच्या मृत्यूतून जन्मतात. पण २०२० मध्ये सापडलेला एक उगम एम ८१ या शेजारच्या दीर्घिकेतील वृद्ध ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छात निघाला, जेथे तरुण तारे शिल्लकच नसतात. दोन जुने तारे एकमेकांत विलीन होऊन तेथे मॅग्नेटार घडला असेल काय, की स्फोटांचे उगम एकाहून अधिक प्रकारचे आहेत, यावर वाद चालू आहे. एकदाच होणारे आणि पुनःपुन्हा होणारे स्फोट मुळात एकच आहेत की नाहीत, याचाही निर्णय झालेला नाही.

हे सर्व संशोधन ज्या शांततेवर उभे आहे, तिची किंमत कोण देतो? विजेच्या तारांच्या सैल जोडांतून उडणाऱ्या ठिणग्या, भ्रमणध्वनीचे मनोरे, कारखान्यांतील यंत्रे, या साऱ्यांचा गोंगाट दूरच्या स्पंदाला गिळून टाकतो. म्हणून खोडदच्या आसपासच्या उद्योगांवर निर्बंध आले. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा पूर्वीचा आराखडा त्या टापूतून जात होता. दुर्बिणीच्या कामात बाधा येईल म्हणून तो मार्ग सोडण्यात येत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्या भागात नाराजी पसरली. ही नाराजी अज्ञानातून आलेली आहे असे समजणे चुकीचे होईल. बेंबळा प्रकल्पासाठी बाभुळगाव तालुक्यातील गावांनी आपल्या जमिनी सोडल्या, तेव्हा निदान धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाणार हे दाखविता येत होते. खोडदच्या दुर्बिणीतून शेतात काही येत नाही. तिच्याबद्दल सांगावयाचे तर ज्ञान सांगावे लागते, आणि ते ज्यांनी शांतता राखली त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या ग्रामसभेत सांगितले गेले पाहिजे. खोडद येथे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस भरणाऱ्या प्रदर्शनास शाळांतील मुले मोठ्या संख्येने येतात. त्याचे मोल या दृष्टीने अधिक आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांना खोडद दूर पडते. परंतु मध्यम लहरींचा एखादा जुना रेडिओ, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून ठेवलेला, कोणत्याही वर्गात चालतो. दिवा लावावा, पंखा बंद करावा, विहिरीवरचा पंप सुरू करावा. प्रत्येक वेळी होणारी खरखर मुलांनी वेळेसह वहीत लिहावी. एखादी खरखर अशी उरेल की जिचे कारण गावात सापडत नाही. ती दूर क्षितिजावरच्या विजेची आहे काय, हे मग बाहेर जाऊन पाहता येते.