हडंब्याचं तोंड

आपली शारदीय व्याख्यानमाला नवरात्रात भरते आणि याच दिवसांत वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू असते. इथे येताना रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली झाकलेल्या सुड्या तुम्ही पाहिल्या असतील. दसरा झाला की त्या सुड्यांना हडंबे, म्हणजे मळणी यंत्रं, लागतात. मग रिसोडकडून, मंगरूळपीरकडून, मानोऱ्याकडून एखादी बातमी येते: मळणी करताना हात गेला, पदर अडकून बाई गेली. चावडीवर त्यावर एकच शब्द उच्चारला जातो, निष्काळजीपणा. त्या एका शब्दानं पुढची सगळी चौकशी बंद होते. माझं आजचं भांडण त्या शब्दाशी आहे.

हात आत कसा जातो ते पाहू. हडंबेवाल्याची मजुरी पोत्यावर. आकाशात ढग आलेले, पुढच्या शेतातला मालक फोनवर फोन करतोय. रात्रीचे अकरा वाजलेत आणि उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा. सकाळपासून सोंगणी केलेलं तेच शरीर आता काड टाकतंय. काड दवानं ओलसर झालं की तोंडाशी गुंतून बसतं. ते आत गेलं नाही तर सगळेच खोळंबतात, म्हणून हात आपोआप पुढे होतो. तो हात दिवसभरात शंभरदा पुढे गेलेला असतो आणि शंभरदा सुखरूप मागे आलेला असतो. अनुभवानं माणूस धीट होतो, तसाच तो इथेही झालेला असतो.

आता यंत्राकडे या. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे हडंबा फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. काहीतरी ओढलं जातंय हे कळून माणूस हलायला अंदाजे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात उघड्या दांड्यावर पदराचे दोन वेढे बसलेले असतात. बाई कितीही सावध असली तरी तिला सुटायला वेळच उरत नाही. त्या दांड्यावर झाकण असतं, तर वेढा बसलाच नसता.

दोष माणसावर टाकण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिकनं 1931 साली पुस्तक लिहून सांगितलं की 88 टक्के अपघात कामगाराच्या चुकीच्या कृतीनं होतात. पण त्याचा आधार होता विम्याच्या फायली आणि कारखानदारांच्या नोंदी. ज्याचा हात गेला त्याचं म्हणणं त्यात कितीसं उतरणार? तरीही तो आकडा पुढे अनेक दशकं जगभर घोकला गेला. दोष माणसावर टाकण्याच्या या रीतीला छेद मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. बी-17 विमानं धावपट्टीवर उतरल्यावर वैमानिक चुकून चाकंच आत ओढून घेत. अल्फोन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट पाहिलं, तर चाकांचा आणि पंखाच्या झडपांचा खटका शेजारी-शेजारी आणि एकसारखा. त्यानं एकावर रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. वैमानिक तेच राहिले, ती चूक मात्र थांबली. माणूस चुकणारच हे गृहीत धरून यंत्र घडवायचं, हा विचार तिथून रुजला.

आपल्या शेजारी तो अजून रुजलेला नाही. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. तेव्हा पहिला सवाल झाला, मास्क का नाही लावला? त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावरच येत होता आणि उकाड्यात संरक्षक पोशाख तासभरही अंगावर ठेवणं कठीण होतं. मास्क हवाच, मी नाही म्हणत नाही. पण घातक औषध दुकानातून सहज मिळणं, दोन-तीन औषधं एकत्र कालवायचा सल्ला मिळणं, या गोष्टी मजुराच्या हातात नव्हत्या.

हडंब्यापुरता तर उपाय कधीचा ठरलेला आहे. केंद्राचा धोकादायक यंत्रांचा कायदा 1983 सालचा आहे आणि त्यात मळणी यंत्राचं नाव घेऊन उल्लेख आहे. भारतीय मानकानुसार काड टाकायची पन्हाळी किमान 90 सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातली 45 सेंटिमीटर वरून झाकलेली. कारण साधं आहे: एवढ्या लांबीत माणसाचा हात दात्यांपर्यंत पोचत नाही. पत्र्याचा तुकडा आणि वेल्डिंग, एवढाच हा खर्च.

आणि हात गेल्यावर काय? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख आणि एक हात गेल्यास 1 लाख मिळतात, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेकदा भूमिहीन मजूर. ज्याचा धोका सर्वांत मोठा, तोच बाहेर राहतो. हा अन्याय आहे आणि तो शासनानं दूर केला पाहिजे.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. या हंगामात शेतात हडंबा आला की आधी टेप लावून त्याची पन्हाळी मोजा, दांड्यावर झाकण आहे का पाहा. नसेल, तर त्याला सुडीला लावू देऊ नका.