पाटाच्या पाण्याचा हिशेब

मी चौथीत असेन. एका रात्री अब्बांनी मला उठवले, हातात कंदील दिला, वात बारीक कर म्हणाले आणि आम्ही शेताकडे निघालो. शेत म्हणजे नामपूरला मोसमकाठच्या फडातला एक लहानसा तुकडा. अब्बा पिंजारी. गाद्या भरून जो वेळ उरेल त्यात शेती. गहू ओंबीवर आला होता आणि पाण्याचा आमचा नंबर लागायला अजून दोन दिवस होते. अब्बांनी फावड्याने चारीचे तोंड मोकळे केले. पाणी शेतात शिरते न शिरते तोच बांधावरून आवाज आला, "चाचा, काय करी ऱ्हायनात?" पाटकरी होता. अब्बांनी मुकाट्याने तोंड पुन्हा बुजवले. पंचांनी सांगितलेला दंडही भरला. पण मला जास्त आठवते ते पुढचे. आमचा नंबर आला त्या पहाटे तोच पाटकरी दार वाजवून बोलवायला आला आणि चहा पिऊन गेला.

श्रोतेहो, पाणी राखण्याच्या या रीतीला आमच्याकडे फड पद्धत म्हणतात. नाशिक-धुळ्याकडच्या मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर ती तीन-चारशे वर्षांची मानतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पीक फिरवायचे. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. त्यामुळे पाऊस कमी झाला की पंच एखादा फड कोरडा ठेवत, आणि तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सगळ्यांत वाटला जाई. पाणी देणारा पाटकरी, पीक राखणारा जागल्या. त्यांना धान्यात मोबदला. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जायचा. सरकारी कागद कुठेच नाही.

अगदी असेच काही मी अल्जीरियाबद्दल वाचले तेव्हा चकित झालो. सहारा वाळवंटातल्या तुआत, तिदिकेल्त या भागांतल्या गावांत 'फोगारा' असतात. जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा, मध्ये मध्ये उभ्या विहिरी, आणि पाणी आपल्या पायांनी गावात येते. आपल्या औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरची नहर याच जातीची. फोगाऱ्याच्या तोंडाशी कंगव्यासारखा दगड असतो. त्याच्या दातांमधून प्रत्येकाचा वाटा वेगळा होतो. वाटे मोजणारा जाणकार भोके पाडलेल्या तांब्याच्या पत्र्याने पाणी मोजतो आणि वहीत नोंद होते. 2018 मध्ये युनेस्कोने या मोजणाऱ्यांची विद्या तातडीने जपायच्या यादीत घातली. बोगदे अजून आहेत, जाणकार संपत आले आहेत. मोटारपंपांनी पाण्याची पातळीही खाली नेली आहे.

आमच्याकडे वेगळे काय घडले? वर हरणबारीचे धरण झाले, घरोघर विहिरी, मग बोअर, पाइपलाइनी. डाळिंब आले. डाळिंबाची बाग काही दरवर्षी फिरवता येत नाही, तिला ठिबक लागते. शेजारी गहू आणि मध्ये डाळिंब, म्हणजे फड मोडलाच. डाळिंबाने पैसा दिला, हे नाकारून चालणार नाही; मग तेल्या रोगाने बागा उपटायलाही लावल्या. फडाचे गोडवे गातानाही जपून बोलावे. पाटाबाहेरच्या जमिनीला पाणी नव्हते, भूमिहीनाला तर काहीच नव्हते आणि पंचांत बाई कधी बसलेली मी पाहिली नाही.

तरीही बंधारा दुरुस्त करायला निधी मागणारे भेटतात, तेव्हा मला वाटते, दगड-सिमेंट मिळेल हो. कोरडा फड कुणाचा, हे भांडणाशिवाय ठरवणारी माणसे कुठून आणणार? अल्जीरियात निदान वही तरी आहे. आमचा हिशेब पाटकऱ्याच्या डोक्यात.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे वही घेऊन गेलो. मी कवी, लिहायची सवय आहे. "आते सांगीसन काय उपेग?" ते म्हणाले आणि गप्प बसले. मग काठीने धुळीत एक रेघ ओढली. हा पाट, म्हणाले. रेघेला फाटे फुटू लागले, तसा मी वही उघडून लिहायला लागलो.