शिक्का कोणाचा, दायित्व कोणाचे?



22 ऑगस्ट 2018 रोजी सकाळी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीत आग भडकली आणि चार जण प्राणास मुकले. त्याच इमारतीतील दहा वर्षांच्या एका बालिकेने शाळेत शिकलेला पाठ आठवून शेजाऱ्यांना नाकातोंडाशी ओले कापड धरावयास सांगितले. धूर कसा मारतो हे त्या बालिकेस ठाऊक होते. इमारतीस मात्र भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते, ही गोष्ट आग विझल्यावर चर्चेत आली.

भोगवटा प्रमाणपत्र नाही याचा अर्थ, तेथे कोणी राहावयास जाऊ नये. तरीही कुटुंबे राहत होती. अशा इमारतींकडून मुंबईत पाणीपट्टी जादा दराने घेतली जाते. म्हणजे उणीव दप्तरी नोंदलेली असते. तिच्यावर दर आकारला जातो, उपाय होत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये अग्निसुरक्षेचा भार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. देखभालीपुरते हे न्याय्यच आहे. जिन्यात रचलेली जुनी कपाटे आणि कुंड्या काही सरकारने आणून ठेवलेल्या नाहीत! परंतु जिना मुळातच अरुंद बांधला गेला असेल, आश्रयमजला नकाशावरच राहिला असेल, बंब आत वळण्यास जागा सोडली नसेल, तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांनी कोणती देखभाल करावी? हा दोष जन्मजात आहे आणि त्या जन्माच्या दाखल्यावर शासकीय शिक्का आहे.

पुनर्वसन इमारतींत हे अधिक बोचते. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावरून आग पसरली आणि सात जणांचा बळी गेला. अशा योजनांत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण हेच नियोजन प्राधिकरण असते. एकट्या रहिवाशाच्या हाती नकाशा नसतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी 72 जण दगावले. निवृत्त न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर 2024 मध्ये आला. त्याने आवरणाचे उत्पादक आणि ठेकेदार यांना दोषी धरले, पण तेथेच तो थांबला नाही. 2001 च्या चाचणीत तशा प्रकारचे आवरण भयंकर वेगाने पेटले होते आणि शासनाने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत, हेही त्याने नोंदविले. सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, हा त्याचा निष्कर्ष आहे. मध्यंतरी 2022 च्या इमारत सुरक्षा कायद्याने अनेक सदनिकाधारकांना घातक आवरण काढण्याच्या खर्चातून मुक्त केले होते.

भारतात काय घडले? 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 प्रेक्षक गुदमरून मेले. उच्च न्यायालयाने भरपाईसाठी महापालिका आणि परवाना देणारा पोलीस विभाग यांनाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्या दोघांना वगळले आणि चित्रपटगृहाचे परवानाधारक व दिल्ली विद्युत मंडळ यांच्यावर भरपाई ठेवली. दुष्ट हेतू किंवा अधिकाराचा जाणीवपूर्वक दुरुपयोग सिद्ध झाल्याखेरीज वैधानिक प्राधिकरणाकडून भरपाई मागता येत नाही, अशी ती भूमिका. निष्काळजीपणाने केलेली स्वाक्षरी त्यात बसत नाही.

न्यायालयापुढे होता तोच कायदा त्याने लावला. 2006 च्या अधिनियमात दुरुस्ती करून, जन्मजात दोष काढण्याच्या खर्चाचा वाटा मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणावर टाकणे हे मात्र विधिमंडळाचे काम आहे. मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारासमोर सोसायटीच्या सभेने हा एक प्रश्न ठेवावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.