परसातील अळू : पाणी भरपूर, पण मोरीचे नको

(शेतकरी महिला मेळाव्यातील भाषणावरून)



आपल्या भागात अळू सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे ते आपोआप वाढते आणि आपण पाने कापून आणतो. पूर्वी हे चालून गेले. त्या काळी भांडी राखेने घासली जात आणि न्हाणीत शिकेकाई असे. आज त्याच पाण्यात धुण्याची पावडर आणि फरशीची औषधे असतात, काही ठिकाणी संडासाच्या टाकीचा पाझरही येतो. साबणातील क्षारांमुळे काळी जमीन घट्ट होते. साचलेल्या पाण्यात डास वाढतात. घाण पाण्यातील रोगजंतू पानांबरोबर स्वयंपाकघरात येतात. अळू आपण शिजवतो हे खरे. पण ते चिरलेल्या विळीवरच कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. दूषित पाण्यामुळे काय होते हे २०१२ साली इचलकरंजीतील काविळीच्या साथीने आपल्याला दाखवले आहे.

म्हणून अळू मोरीपासून दूर, स्वतंत्र वाफ्यात लावावे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा चार माणसांच्या घराला पुरतो. थोडी सावली चालते. वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन फुटांवर दोन ओळी धरून, ओळीत दीड फुटावर एकेक निरोगी अळकुडी दोन-तीन इंच खोल लावावी. अशी आठ झाडे बसतात. वडीसाठी काळसर देठाचे आणि भाजीसाठी हिरव्या देठाचे अळू निवडावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' ही जात दिली आहे. पाण्याची सोय असल्यास रोहिणी नक्षत्रात लागवड करावी, म्हणजे श्रावणात वडीला पाने मिळतात.

अळूला ओल सतत हवी. भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घालावे. साबणाचे, गोठ्याचे व संडासाचे पाणी घालू नये. गोठ्याचे पाणी खताच्या खड्ड्यात सोडावे. उन्हाळ्यात बुंध्याशी उसाच्या पाचटाचे आच्छादन केल्यास ओल टिकते. पाने काढताना प्रत्येक झाडावर मधली दोन-तीन पाने ठेवावीत. सगळी कापल्यास कंद पोसत नाही आणि पुढची पाने लहान येतात.

जुलै-ऑगस्टच्या झडीत पानांवर पाणी भरल्यासारखे गोल डाग पडून पाने सडतात. हा करपा होय. डाग दिसताच ती पाने कापून परसाबाहेर पुरावीत आणि गर्दी विरळ करावी. खाण्याची पाने असल्याने घरच्या वाफ्यात औषध फवारू नये. अळ्या व त्यांची अंडी पानाच्या मागे असतात. ती हातानेच वेचावीत.

आता खाजेविषयी. अळूत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते हाताला, घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल लावावे. अळू कच्चे कधीही खाऊ नये. लहान मुलांना पान चावू देऊ नये. चिंच किंवा ताक घालून पूर्ण शिजवावे. आधी उकळून ते पाणी ओतून दिल्यास विरघळणारे ऑक्झॅलेट कमी होते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. ओढ्याकाठचे रानअळू ओळख पटल्याशिवाय आणू नये.

आठ अळकुड्यांचा खर्च नाममात्र आहे. एकदा लावलेल्या कंदांना फुटवे येऊन पुढच्या वर्षीचे बियाणे घरचेच होते. मोरीजवळचे अळू असेल तर त्याचे कंद उपटून नव्या वाफ्यात लावावेत. आधीची पाने टाकून द्यावीत आणि स्वच्छ पाण्यावर फुटलेली नवी पानेच खावीत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरी एवढा एक वाफा व्हावा, ही विनंती.