हृदयविकार आणि आपली चूल



मी सातवी शिकलेली. डॉक्टरी मला ठाऊक नाही. पण जिथे चुलीचा संबंध येतो, तिथे बोलण्याचा आपणा सर्वांना अधिकार आहे.

फिनलंड देशाच्या उत्तर कारेलिया भागात घरोघरचे कर्ते पुरुष हृदयविकाराने जात. १९७२ साली तेथे मोहीम निघाली: लोणी व मीठ कमी, भाजीपाला जास्त, तंबाखू बंद. ‘मार्था’ या गृहिणींच्या संस्थेने बायकांना जमवून तसा स्वयंपाक करून दाखविला. सुमारे चाळीस वर्षांत कर्त्या पुरुषांतले हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. अमेरिकेतही १९७० नंतर प्रमाण उतरत गेले.

आपल्या देशात उलट झाले. १९९० साली शंभर मृत्यूंपैकी सुमारे १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ साली २८. साथीचे रोग हटले, हे त्याचे एक कारण. पण बदललेले खाणेपिणे हेही आहेच.

तेव्हा भगिनींनो, सुके बोंबील, पापड, लोणचे यांतले मीठ धरून माणशी दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चमचाभराच्या आत ठेवा. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, ती सोडा. तारापूरच्या कारखान्यांतून रातपाळी करून येणाऱ्यांचा रक्तदाब तपासून घ्या, आणि आपलाही. बायकांना कधी छातीत न दुखता नुसती धाप लागते, मळमळते, जबड्यात वा पाठीत कळ येते. ‘पित्त झाले’ म्हणून भाकऱ्या थापीत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

घरच्यांना जपणारीने स्वतःलाही जपावे, एवढेच माझे मागणे.