मेंदूतील राखणदार आणि मनाचे आजार
(संस्थेच्या वार्षिक सभेत मनोविकार विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची आई आम्हांला एक प्रश्न हटकून विचारते, "आमचं काही चुकलं का?" त्याच्या उत्तराचा एक भाग आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांचे वेगळेपण दाखवून दिले. जंतूंचा प्रतिकार करणे व मृत पेशी उचलणे हे त्यांचे काम. शिवाय वाढीच्या वयात चेतापेशींमधील अनावश्यक जोडण्यांची छाटणीही त्या करतात. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सी-४ या जनुकाच्या काही प्रकारांचा स्किझोफ्रेनियाच्या धोक्याशी संबंध दाखविला; उंदरांत हे जनुक याच छाटणीत भाग घेते. छाटणी प्रमाणाबाहेर झाल्यास आजार उद्भवत असावा, हे त्यावरून बांधलेले अनुमान आहे; ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

राखणदारच कधी घरावर उलटतो, याचे उदाहरण पुणेकरांना परके नाही. १९५२ पासून येथे कार्यरत असलेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने जपानी मेंदूज्वराचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. या आजारात विषाणूबरोबरच चवताळलेल्या मायक्रोग्लियांमुळेही चेतापेशींची हानी होते. बचावलेल्या काही मुलांच्या वागण्यात त्याच्या खुणा कायम राहतात.

२००७ मध्ये आणखी एका आजाराची ओळख पटली. त्यात शरीराची प्रतिपिंडे मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करतात. रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते. प्रारंभी भास व संशय दिसतात. पुढे आकडी, विचित्र हालचाली, शुद्ध हरपणे. वेळीच ओळखल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. म्हणून काही दिवसांतच वागणे पालटले आणि सोबत ताप, आकडी किंवा ताठरपणा असेल, तर त्यास बाहेरची बाधा समजून दिवस दवडू नयेत. रुग्णास तातडीने रुग्णालयात आणावे.

मात्र अतिउत्साह नको. मिनोसायक्लिन हे औषध मायक्रोग्लियांना शांत करील या आशेने ब्रिटनमध्ये चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. तेव्हा चालू औषधे कोणीही परस्पर बंद करू नयेत.

त्या आईला आम्ही एवढेच सांगतो, "आजाराची पाळेमुळे शरीरात खोलवर आहेत, तुमच्या मायेत उणीव नव्हती." हे तिला घरीही ऐकू यावे, ही आपणां सर्वांस विनंती.