शस्त्रनियमन आणि ख्रिस्तसभा
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें बंदुकीचा विषय काढावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांचे पुत्र व कन्या आज अमेरिकेंत आहेत, आणि त्यांचीं मुलें तेथील शाळांत जातात. म्हणून हा विषय आपणांस दूरचा नव्हे.

दिनांक २७ ऑगस्ट २०२५ रोजीं मिनिआपोलिस शहरांतील अनन्सिएशन चर्चमध्यें शाळेचीं मुलें वर्षारंभाच्या पवित्र मिस्सेंत असतां बाहेरून खिडक्यांवाटे गोळ्यांचा वर्षाव झाला. ८ व १० वर्षांचीं दोन बालकें जागच्या जागीं मृत्यु पावलीं. त्या बंदुका चोरीच्या नव्हत्या; रीतसर विकत घेतलेल्या होत्या. चार दिवसांनीं परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनीं त्या मुलांसाठीं प्रार्थना करून, लहानमोठ्या सर्व शस्त्रांची ही साथ थांबावी अशी देवाजवळ याचना केली.

ख्रिस्तसभा प्रार्थनेवरच थांबली, असें मात्र नाहीं. १९७५ सालींच अमेरिकेंतील महागुरुस्वामींच्या एका समितीनें पिस्तुलांविषयीं निवेदन काढून मालकास परवाना, प्रत्येक पिस्तुलाची नोंद, आणि पिस्तूल विकत घेणें व तें हातीं पडणें यांमध्यें कांहीं दिवसांचें अंतर, अशा मागण्या केल्या. या शेवटच्या मागणीकडे मी तुमचें विशेष लक्ष वेधितों. क्रोध आणि नैराश्य हीं दोन्ही भरतीसारखीं चढतात व ओसरतात. ओहोटी लागेपर्यंत हातांत शस्त्र नसलें, तर पुष्कळदां जीव वाचतो. त्या देशांत २०२२ सालीं बंदुकीनें सुमारें ४८,००० माणसें मेलीं. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या! दरोडेखोरांचाच धाक दाखविणारे हा आंकडा सहसा सांगत नाहींत.

कोणी म्हणेल, स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभेस मान्य नाहीं काय? आहे. तिची धर्मशिकवण तो स्पष्टपणें मान्य करिते. आणि शस्त्रांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणें हा राज्यकर्त्यांचा हक्क व कर्तव्य आहे, असेंही तीच सांगते. पेत्रानें गेथशेमाने बागेंत तलवार उपसली ती प्रभूच्या रक्षणार्थच. तरी प्रभूनें ती म्यानांत घालावयास लाविली, व मल्खाचा कान बरा केला.

शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेंत १७९१ पासून आहे. आपल्याकडे १९५९ च्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक ठेवतां येत नाहीं. तेथें परवानाधारक दुकानदारास गिऱ्हाइकाची चौकशी करावी लागते, परंतु खासगी विक्रेत्यास देशाच्या कायद्यानें ती सक्ती नाहीं. ही फट बुजवावी, असें महागुरुस्वामी वर्षानुवर्षें सांगत आहेत. लष्करी धाटणीच्या बंदुकांवरील बंदी १९९४ सालीं आली, ती २००४ सालीं संपली; ती पुन्हां आणावी, हीही त्यांची मागणी आहे. उव्हाल्डे येथें २४ मे २०२२ रोजीं १९ मुलें व २ शिक्षिका यांची हत्या झाल्यावर २५ जूनला एक कायदा झाला, व २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाची अधिक चौकशी सुरू झाली. महागुरुस्वामींनीं त्याचें स्वागत केलें. सर्वच कॅथलिक त्यांच्याशीं सहमत नाहींत, हेंही खरें. घरीं कपाटांत बंदूक ठेवून मिस्सेला येणारे तेथें पुष्कळ आहेत.

ज्यांचीं नातवंडें तिकडे आहेत, त्यांस एक विनंति. लेकीसुनांशीं फोनवर बोलतांना एवढें सांगा: ज्या घरीं मूल खेळावयास जातें, तेथें बंदूक आहे काय, व असल्यास ती रिकामी करून कुलुपांत ठेवितात काय, हें विचारावें. तेथील बालरोगतज्ज्ञही हाच प्रश्न विचारावयास सांगतात. विचारतांना संकोच वाटणें साहजिक आहे. तरी विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत मूल पाठवूं नये.